थोरल्या पातीचे साडूभाऊ

जगात माणसांच्या दोनच जाती, एक खर्जवाले आणि दुसरे टिपेवाले, बाकीचे सगळे भेद रिकामटेकड्यांनी काढलेले आहेत, असं छातीठोकपणे सांगणारा आणि या एकाच सिद्धांतावर कुवेतसारख्या वाळवंटात सुखाने संसार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात गमतीचं. रक्ताचं नाही, पसंतीचंही नाही. दोन बहिणी कुणाला तरी हो म्हणतात आणि ते दोन बापडे जन्मभर एकमेकांच्या पंगतीला बसतात. त्यातून मला कुवेतला आणलं साडूभाऊंनीच. ते एका सरकारी इस्पितळात एक्स-रेचे तंत्रज्ञ, मी त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणारा. म्हणजे उपकाराचं ओझं होतंच, आणि ते फेडायचं चलनही ठरलेलं होतं. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी रुमैथियाला त्यांच्या घरी जायचं आणि अमेरिकेतल्या काळ्या गवयांची सत्तरच्या दशकातली गाणी ऐकायची. नुसती ऐकायची नाहीत, त्यावर मत द्यायचं. आणि मत द्यायचं म्हणजे त्यांचंच द्यायचं.

साडूभाऊ मूळचे मिरजेचे. ज्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात त्या गल्लीत लहानाचे मोठे झालेले. अशा माणसाने खरं तर ख्याल-ठुमरी ऐकत म्हातारं व्हायचं. पण नशिबात भलतंच होतं. कुवेतला आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्या विभागात एक अमेरिकन इंजिनिअर आला, मांडीचं हाड मोडलेला. पायाला वजनं टांगून तो वॉर्डात कितीतरी दिवस पडून होता आणि उशाशी टेपरेकॉर्डर लावून होता. साडूभाऊ त्याचे एक्स-रे काढायला जायचे आणि हाड जुळल्यावरही जात राहिले. जाताना त्याने दोन कॅसेटी यांच्या हातावर ठेवल्या. एकीवरही धड नाव नाही. पुढे साडूभाऊंनी हवल्लीतल्या एका दुकानातून तसल्या आणखी कॅसेटी भरून घेतल्या, तर त्या दुकानदाराने प्रत्येकीवर अरबीत "अमेरिकी" एवढंच लिहून दिलं. त्यामुळे कोण गातंय हे साडूभाऊंना कधीच कळलं नाही. आमच्या एका डॉक्टरांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकदा इंग्रजीत फडाफडा नावं सांगायला सुरुवात केली तर यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, "नाव नको गं बाई. नावाने माणूस कळतो, घराणं गळ्यावरून ओळखायचं असतं."

आणि घराणी त्यांनी ओळखली. आपल्याकडे एका गादीच्या दोन गाद्या झाल्या की एक थोरली पाती होते आणि एक धाकटी, तशा यांनी त्या अमेरिकन मंडळींच्या दोन पाती केल्या. थोरली पाती म्हणजे पाच जणांचा तो दणकट गट. पुढे खरखरीत आवाजाचा एक रांगडा गडी, सगळ्यात खाली विहिरीतून आल्यासारखा खर्ज, ओळी एकाकडून दुसऱ्याकडे झेलत जायच्या, आणि मागे पितळी वाद्यांचा दणका. धाकटी पाती म्हणजे गोडवा. व्हायोलिनांचा गालिचा अंथरलेला, त्यावर हलक्या पावलांनी येणारा एक अतिशय उंच, रेशमी आवाज, आणि गाण्याच्या आधी कुणीतरी जाड्या घशाने केलेलं प्रेमाचं भाषण. या भाषणावर साडूभाऊंचा भारी राग. "गवई आहे का अध्यक्ष आहे? दोन शब्द कसले बोलतोय?" मागे साथीला गाणाऱ्यांना ते झीलकरी म्हणायचे. थोरल्या पातीचे झीलकरी वेळेवर येतात, धाकट्या पातीचे लाडात येतात, हे त्यांचं ठाम मत. पण धाकट्या पातीचा खरा अक्षम्य गुन्हा म्हणजे तिने काही गाण्यांत सतार घातली होती, तीही विजेवर चालणारी. ती टणटण सुरू झाली की साडूभाऊ पाणी प्यायला उठायचे. "ही सतार? आमच्या गल्लीत कुणी अशी सतार बनवली असती तर त्याला पोरगी दिली नसती कुणी."

बरं, हे प्रकरण शुक्रवारपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण इस्पितळात एक्स-रेच्या खिडकीमागेही बारीक आवाजात थोरली पाती चालू असायची. छातीचा एक्स-रे काढताना रोग्याला अरबीत सांगायचं असतं की श्वास घ्या, धरून ठेवा, आणि मग "तनफ्फस", म्हणजे सोडा आता श्वास. एकदा एका लठ्ठ कुवेती गृहस्थांनी आज्ञेप्रमाणे श्वास धरला आणि इकडे टेपवर त्या रांगड्या गड्यानेही सूर धरला. आता गड्याने सूर सोडल्याशिवाय साडूभाऊ बोलणार कसे? रसभंग! गृहस्थ लाल झाले, मग जांभळे झाले, शेवटी स्वतःच फुस्सकन सोडून भिंतीला टेकले. तक्रार वरपर्यंत गेली. साहेबांपुढे साडूभाऊंनी काय खुलासा केला असेल? म्हणे, "सर, फुप्फुसं चांगली आहेत त्यांची. दोघांचीही." इस्पितळाच्या गणपतीत, म्हणजे एका मराठी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात दारं-खिडक्या लावून आम्ही जो गणपती बसवायचो त्यात, यांनी आरतीला झील लावली. चार नामांकित डॉक्टरांना एका रांगेत उभं करून "जय देव"ला डावीकडे झुका आणि दुसऱ्या "जय देव"ला उजवीकडे, असं शिकवलं. हाडांचे डॉक्टर नेमके उलटीकडे झुकले आणि भूलतज्ज्ञांच्या कपाळाला टेंगूळ आलं. नैवेद्याच्या मोदकांआधी बर्फ वाटावा लागला.

यातली खरी मौज अशी, की खर्जाचे हे सरदार स्वतः पापडासारखे पातळ आणि आवाज त्याहून पातळ. फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरचा "यस मॅडम" म्हणायचा. पहिल्यांदा हे मी ऐकलं तेव्हा हसलो, तर ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोळ्यांनी मला असं दटावलं की हसू गिळून टाकलं. त्यांना ते फार लागायचं.

आता धाकट्या पातीचे सरदार. हे दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे एक भाई. आधी जहाजावर इंजिनात होते, मग शुवैखला गॅरेजमध्ये लागले. शुवैखला नुसती गॅरेजं आणि गोदामं, त्यातून भाईंचा आवाज तेवढा हातोड्यांच्या वर ऐकू यायचा. देह कोठीसारखा, आवाज ढोलासारखा, आणि जीव मात्र धाकट्या पातीच्या त्या रेशमी टिपेवर! साडूभाऊंची गाडी दुरुस्तीला गेली, गाडीत कॅसेट वाजत होती, भाईंनी बॉनेटखालून डोकं काढून विचारलं, "राव, गाडीत भांडण चाललाय का गाना?" आणि हात पुसून स्वतःच्या गल्ल्यातून एक कॅसेट काढून लावली. गाडी त्या दिवशी दुरुस्त झाली नाही, पण दोस्ती झाली. तेव्हापासून शुक्रवारी नमाज आटोपून भाई रुमैथियाला यायचे, येताना सुरमई किंवा हलवा घेऊन यायचे, आणि ताईच्या हातची आमटी ओरपत साडूभाऊंशी कडाकडा भांडायचे. ताई आणि माझी बायको स्वयंपाकघरात म्हणायच्या, "सवती बऱ्या." सतारीवरून भाई म्हणायचे, "अवो, तुमच्या मिरजेची सतार अमेरिकेला गेली, पेढे वाटा!" भाषणावरून म्हणायचे, "तुमी लग्नाआधी वैनींना भाषण नाय केलात ना, म्हणून त्या असं बोलतात तुमाला." आणि या सगळ्या भांडणाचा कळस म्हणजे धाकट्या पातीचं ते एक गाणं, ज्यात तो उंच आवाज वर वर वर जातो आणि तिथे जाऊन चक्क बसतो. साडूभाऊ म्हणायचे, "ही बाई आहे." भाई म्हणायचे, "बाप्या आहे." "बाई!" "बाप्या!" वर्षानुवर्षं हे चाललं होतं. नव्वद साल उजाडलं तरी निकाल नव्हता. डॉक्टरांच्या मुलीला विचारलं असतं तर एका मिनिटात लागला असता, पण निकाल हवा होता कोणाला?

त्या जुलैच्या एका शुक्रवारी मात्र माशी शिंकली. उकाडा असा की नळाचं गार पाणी हात भाजत होतं. वाद रंगला होता आणि भाई हसत हसत बोलून गेले, "कमाल झाली राव तुमची. तुमच्या गावात नाटकवाले बाप्ये शालू नेसून गायचे, रात रात पब्लिक रडायची, आणि तुमालाच बाप्याचा गळा वळखता येत नाय?" झालं. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, टेप बंद केला आणि म्हणाले, "भाई, गाडी मी आता दुसरीकडे दाखवीन." भाईंच्या हातात अर्धा खाल्लेला लाडू तसाच. काय चुकलं हे त्या बिचाऱ्यांना कळेना आणि मलाही कळेना. घरी येताना बायकोने सांगितलं. साडूभाऊंचे आजोबा संगीत नाटक कंपनीत नायिका करायचे. मोठे गायक, पण मिरजेच्या शाळेत पोरांना त्याचं काय? "याला दोन आज्ज्या, एक मिशीवाली," असं वर्गभर चिडवायचे. त्यात पोराचा आवाज फुटता फुटेना. तेव्हापासून उंच आवाजाशी यांनी वैर धरलं ते धरलंच. भाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि साडूभाऊ सांगणाऱ्यातले नव्हते.

अबोला पडला. दोन शुक्रवार भाई आले नाहीत. साडूभाऊ थोरली पाती लावायचे आणि मधेच बंद करायचे, कारण "आहेच मुळी थोरली श्रेष्ठ" म्हटल्यावर समोरून कुणी "नाय" म्हणायला नको? मी म्हणायचो, पण माझ्या "नाही"त जोर नव्हता. "तू गप रे, तुला कळत नाही," म्हणायचे. ताईने सुचवलं, एक फोन करा. म्हणाले, "बघू पुढच्या शुक्रवारी."

पुढचा शुक्रवार आलाच नाही म्हणायचा. गुरुवारी पहाटे इराकी रणगाडे शहरात शिरले. आमची दोन्ही कुटुंबं रुमैथियाच्या घरात एकत्र राहायला लागली. सकाळी खबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत उभं राहायचं, इस्पितळात जायचं, वाटेत शिपायांना ओळखपत्र दाखवायचं, आल्यावर रेडिओला कान लावायचा. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? साडूभाऊंना मात्र एकच ध्यास. शुवैखला फोन लागतो का? तो लागत नव्हता. एक दिवस मला घेऊन ते थेट शुवैखला गेले. ताईने जाताना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गॅरेजचं शटर वाकलेलं, आत गाड्या नाहीत, अवजारं नाहीत, माणूस नाही. शेजारच्या एका पठाणाने सांगितलं की भाई जहराला गेले, गाववाल्यांकडे. जहरा म्हणजे दुसरं टोक, तिकडे जायची सोय नव्हती. परत येताना साडूभाऊ गाडीत म्हणाले, "लेका, माणूस गेला तर गेला, पण मी रागावलो का हे त्याला न कळता गेला." मी म्हटलं, गेले नाहीत हो, जहराला गेलेत.

मग निघायचं ठरलं. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, पुढे नेतील तेव्हा विमान. माणशी एक बॅग. ताईने साडूभाऊंच्या बॅगेतून कॅसेटी उपसून काढल्या आणि त्या जागी पोहे, चिवडा आणि औषधं भरली, आणि हा माणूस बॅगेचा पट्टा आवळायला स्वतःच पुढे झाला. तेव्हा मला खरी काळजी वाटली. हद्दीवर पोचलो तर वाळवंटात जिकडे बघावं तिकडे तंबू. आपले, बांगलादेशी, लंकेचे, इजिप्तचे मिसरी, सगळी दुनिया तिथे पाण्याच्या टँकरमागे रांगा लावून उभी. धुळीने सगळ्यांची तोंडं एकसारखी झालेली. तिथे बातमी आली की जहराची माणसं आदल्या दिवशी उतरलीत. साडूभाऊ जे सुटले ते तंबूतंबूतून "शुवैखवाले भाई, दापोलीवाले भाई" करत फिरले. त्यांची ती किनरी हाक चार तंबूंपलीकडे पोचेना, आणि त्या गर्दीत भाई म्हणून हाक मारली की वीस जण वळून बघत. दुपार कलली तेव्हा ते परत आले, टँकरपाशी आमच्या बॅगा एकावर एक रचल्या आणि त्यावर चढून उभे राहिले. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. ताई म्हणाली, "अहो, उतरा!"

आणि साडूभाऊंनी तान घेतली. धाकट्या पातीचं तेच गाणं. शब्द त्यांना येतच नव्हते, एक "बेबी" सोडलं तर सगळं "ऊ" आणि "आ". पण आवाज! इतकी वर्षं फोनवर ज्याची लाज वाटली तो आवाज त्यांनी त्या दिवशी मोकळा सोडला आणि तो वर गेला, आणखी वर गेला, आणि तिथे जाऊन चक्क बसला. टँकरची रांग वळून बघायला लागली. एक मिसरी म्हातारा टाळ्या वाजवायला लागला, पोरं नाचायला लागली, ताईने पदर तोंडावर घेतला. हसत होती की रडत होती कुणास ठाऊक. आणि मग कुठून तरी, पाण्याच्या डब्यांच्या खडखडाटातून, खाली ढोलासारखी झील आली. दोन आवर्तनं झाली आणि गर्दी सारत, हातात तेलाचा रिकामा डबा घेऊन भाई पुढे आले. दाढी वाढलेली, निम्मे झालेले. खालूनच ओरडले, "राव, पट्टी चढलीय तुमची, उतरा खाली!"

साडूभाऊ बॅगांवरून उतरले कसले, पडलेच भाईंच्या अंगावर. मग साडूभाऊंनी आजोबांचं सगळं सांगितलं, मिशीवाल्या आजीसकट. ऐकून भाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि म्हणाले, "मला काय ठाव, राव! माफी करा." ताईने दोघांना चिवडा दिला. दोन घास खाऊन होतात न होतात तोच भाईंच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "पण राव, आता कबूल करा. तुमी बाप्या, आणि तुमच्याच गळ्यातून तो सूर निघाला. म्हणजे तो पण बाप्याच."

"मी बाईची नक्कल केली," साडूभाऊ म्हणाले. "ती बाईच आहे."

त्यावरून जे जुंपलं ते आमच्या बसचा पुकारा होईपर्यंत. खिडकीतून साडूभाऊ "बाई" म्हणत होते आणि बसबरोबर धावत भाई "बाप्या" म्हणत होते. बसमधल्या बाकीच्यांना वाटलं, वेडाचे झटके आहेत.

इराकी सैन्य हटल्यावर, एक्याण्णवच्या उन्हाळ्यात, इस्पितळाने आम्हाला परत बोलावलं. तेलाच्या विहिरी जळत होत्या, भर दुपारी दिवे लावावे लागत आणि वाळत घातलेले कपडे काजळीने माखत. अर्धं शहर रिकामं. भाई आले नाहीत. आपल्या गावी बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत बसले होते. परत यावं की न यावं, त्यांचं ठरत नव्हतं, आणि शुक्रवारी आम्ही दोघेच साडू एकमेकांची तोंडं बघत बसायचो. साडूभाऊंनी नवीन कॅसेटी आणल्या, आणि काय आश्चर्य, सगळ्या धाकट्या पातीच्या. एकदा ते गाणं लागलं असताना सहज म्हणाले, "बाप्याच आहे रे तो. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेला गळा आहे, तो का ओळखणार नाही मी?" मी थक्क झालो. एवढी वर्षं भांडण कशाचं होतं मग?

त्याच आठवड्यात आमच्या इस्पितळातली दापोलीची एक नर्स सुट्टीवर निघाली. भाईंच्या शेजारच्याच वाडीतली. निरोप असेल तर द्या म्हणाली. मला वाटलं, आता साडूभाऊ कबूल करतील, निदान एवढ्या लांबून तरी. ते जिन्यापर्यंत तिला सोडायला गेले. तिथून त्यांचा आवाज आला, उंच, पातळ आणि जरासा कापरा.

"सांगा त्यांना, बाईच आहे. शंभर वेळा बाई. पटत नसेल तर इथे येऊन भांडा म्हणावं."